लाँगस्वर्ड घेताना आणि घेतल्यावर

सगळ्यात आधी एक व्हर्नियर कॅलिपर घ्या. तलवार त्यानंतर.

माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली. त्यामुळे हातात आलेली कुठलीही पोलादी वस्तू मी आधी मोजतो आणि मग तिचं कौतुक करतो. घरच्यांना या खोडीचा वैताग येतो, पण लाँगस्वर्डच्या बाबतीत ती फार कामाला येते. फोटोत सगळ्या तलवारी सारख्याच देखण्या दिसतात. खरा फरक असतो पात्याच्या जाडीत, आणि समोरून काढलेल्या फोटोत जाडी कधीच दिसत नाही.

लाँगस्वर्ड म्हणजे साधारण १३५० ते १५५० या काळात युरोपात, विशेषतः जर्मन आणि इटालियन मुलखात वापरली गेलेली सरळ, दुधारी, दोन हातांनी धरायची तलवार. एकूण लांबी बहुधा १०० ते १३० सेंटिमीटर, त्यातली मूठ २० ते २८. वजन बहुतेक वेळा १.२ ते १.६ किलो. सिनेमे बघून लोकांच्या डोक्यात पाच-सात किलोचं काहीतरी बसलेलं असतं. विक्रेत्याने अभिमानाने 'अडीच किलो, एकदम दणकट' असं सांगितलं, तर त्याला नमस्कार करून पुढे निघावं.

कशासाठी हवी, हे आधी ठरवा

'एकच घेईन, भिंतीवरही शोभेल, त्याच तलवारीने कापूनही बघीन आणि मित्राबरोबर दोन हातही करीन' हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. तो सोडून द्या.

मित्राबरोबर खेळायचं असेल तर फेडर लागते. ही सरावाचीच तलवार. पात्याची कड बोथट, साधारण दीड-दोन मिलिमीटर जाडीची. टोकाकडचा भाग पातळ आणि लवचिक, म्हणजे भोसकलं तर पातं वाकतं आणि समोरच्याच्या फासळ्या वाचतात. टोक गोल केलेलं किंवा दुमडलेलं. क्रॉसगार्डच्या (मूठ आणि पातं यांच्यामधल्या आडव्या दांडीच्या) पुढे पातं थोडं पसरट असतं, ते वजन मुठीजवळ राहावं आणि हाताला थोडा आडोसा मिळावा म्हणून. हा काही आजकालचा शोध नाही. अशा तलवारी १५व्या-१६व्या शतकातही होत्या आणि योआखिम मायरच्या १५७० सालच्या तलवारबाजीच्या ग्रंथातल्या चित्रांत त्या स्पष्ट दिसतात. फेडर घेतली तरी मास्क, जाड जॅकेट, गळ्याचं संरक्षण आणि चांगले हातमोजे यांच्याशिवाय समोरासमोर उभं राहायचं नाही. हातमोज्यांवर कंजुषी केलेली बोटं मी पाहिली आहेत.

धारदार तलवार कापण्यासाठी आणि एकट्याने सराव करण्यासाठी. तिने माणसाबरोबर खेळायचं नाही, 'हळूहळू' नाही आणि 'फक्त दाखवायला'ही नाही. उलट नुसती धार न लावलेली प्रतिकृती फेडरच्या जागी वापरतात, तेही चूक. तिचं टोक तसंच अणकुचीदार असतं आणि पातं ताठ असतं.

भिंतीवरची तलवार हा तिसरा प्रकार. स्टेनलेसचं पातं आणि मुठीत वेल्ड केलेली पेन्सिलीएवढी सळई. भिंतीवर ती बिचारी गुणी आहे. हवेत जोरात फिरवली की मूठ हातात राहते आणि पातं खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातं. पुढचं सगळं लिहितोय ते खऱ्याखुऱ्या धारदार प्रतिकृतीबद्दल.

जाडी उतरली पाहिजे

सगळा खेळ इथे आहे.

अस्सल तलवारींची पाती मुठीकडून टोकाकडे फक्त रुंदीला निमुळती होत नाहीत, जाडीलाही उतरतात. क्रॉसगार्डजवळ सहा-सात मिलिमीटर, मध्यावर चार-साडेचार, टोकाच्या वीतभर अलीकडे अडीच-तीन. स्वस्त प्रतिकृती सरळ सपाट पट्टीतून कापतात. पाच मिलिमीटरची पट्टी घेतली की मुठीपासून टोकापर्यंत पाचच मिलिमीटर. एकूण वजन दोन्हींचं सारखं भरू शकतं, पण दुसरी हातात घेतली की पहार फिरवल्यासारखं वाटतं, कारण वजन नको तिकडे, टोकाकडे जाऊन बसलेलं असतं. वार सुरू करायला जोर लागतो आणि थांबवायला त्याहून जास्त.

म्हणून विक्रेत्याला तीन ठिकाणची जाडी विचारा: क्रॉसगार्डपाशी, मध्यावर आणि टोकाच्या दहा सेंटिमीटर आधी. चांगला कारागीर मिनिटात उत्तर देतो, बहुतेकदा खूश होऊन. 'सगळीकडे एकसारखी, मजबूत आहे साहेब' असं उत्तर आलं तर तुमचा निर्णय झाला.

तोलबिंदूही विचारा. गोल पेन्सिलीवर किंवा सळईवर पातं आडवं ठेवून जिथे तोललं जातं, ती जागा क्रॉसगार्डपासून किती दूर आहे ते बघायचं. लाँगस्वर्डला सात ते बारा सेंटिमीटर सर्वसाधारण, कापण्यासाठी घडवलेल्या रुंद पात्यांना थोडं जास्त चालतं. मात्र या एका आकड्यावर भाळू नका. जड पॉमेल (मुठीच्या शेवटचा गोळा) लावून तोलबिंदू कसाही मागे ओढता येतो, त्याने पात्याच्या टोकाचं जडपण जात नाही. जाडीचे आकडे आणि तोलबिंदू एकत्र बघितले तरच चित्र कळतं.

हातात घेऊन बघता आली, तर आणखी एक चाचणी आहे आणि ती करताना मला अजूनही मजा येते. एका हाताने मूठ क्रॉसगार्डपाशी सैलसर धरा, टोक वर. दुसऱ्या हाताच्या तळव्याने पॉमेलवर बाजूने चापट मारा. पातं थरथरतं. नीट बघितलं तर त्या थरथरीत एक जागा जवळजवळ स्थिर दिसते, क्रॉसगार्डपासून पात्याच्या सुमारे दोन तृतीयांश अंतरावर. वार तिथे किंवा तिच्या आसपास बसला की पातं कमी थरथरतं आणि जोर कापण्यात जातो. अशीच दुसरी स्थिर जागा मुठीत, पुढच्या हाताच्या खाली यायला हवी. ती भलतीकडे असेल तर प्रत्येक वारानंतर मनगटाला झिणझिण्या येतात. मग ते पातं कितीही चकचकीत असो.

कुठल्या आकाराचं पातं घ्यावं? यासाठी तलवारींचे ब्रिटिश अभ्यासक युअर्ट ओकशॉट यांनी केलेली वर्गवारी जगभर वापरतात, तेव्हा ती थोडी समजून घ्या. त्यांनी मध्ययुगीन तलवारींना रोमन आकडे दिले. तेरा-ए म्हणजे रुंद, जवळजवळ समांतर कडांची, मध्ये पन्हळ असलेली, कापायला राक्षशीण. चौदाव्या शतकात पोलादी पत्र्यांची चिलखतं वाढली तशी भोसकण्यावर भर देणारी पाती आली: पंधरा-ए, चौकटच्या एक्क्यासारखा छेद, ताठ, टोकाकडे झपाट्याने निमुळती. अठराव्या गटातल्या तलवारी दोन्ही कामांना बऱ्या, बुडाशी रुंद आणि टोकाकडे बाकदार उतरत जाणाऱ्या. पहिलीच घेत असाल तर मी अठरा-ए सुचवीन. माझी तीच आहे: पातं ८९ सेंटिमीटर, वजन १४२० ग्रॅम, तोलबिंदू दहा सेंटिमीटरवर. तेरा-एने कापणं सोपं, पण एकट्याने सराव करताना खांदे भरून येतात. पंधरा-ए हातात विजेसारखी चपळ, पण कोनात जराशी चूक झाली की कापतच नाही, आणि नवशिक्याचा कोन चुकणारच.

शक्य असेल तर एकदा अस्सल नग बघून या. लंडनमधलं वॉलेस कलेक्शन, लीड्सचं रॉयल आर्मरीज, व्हिएन्नाचं शाही शस्त्रागार, कुठेही. मला सगळ्यात भुरळ घालतात त्या अलेक्झांड्रियाच्या तलवारी. युरोपात बनलेली पाती भेट म्हणून किंवा लूट म्हणून इजिप्तच्या मामलुक सुलतानांकडे गेली, तिथल्या शस्त्रागारात जमा झाली आणि जमा करताना त्यांवर अरबीत मजकूर कोरला गेला. त्यातल्या काहींवर चक्क साल असल्यामुळे 'हा आकार अमुक सालाच्या आधीचा' असं अभ्यासकांना छातीठोकपणे सांगता येतं. स्टोअरमध्ये माल जमा करताना पावती फाडणाऱ्या त्या अज्ञात कारकुनाला माझा सलाम. आणि तिथे काचेशी नाक लावून पाती बाजूने बघा. ती किती पातळ असतात ते कळलं की दुकानातल्या अर्ध्या तलवारी यादीतून आपोआप गळतात.

पोलाद

यावर लोक तासन् तास भांडतात. मी चार वाक्यांत उरकतो. १०६०, १०७५, ५१६०, ६१५०, ५१सीआरव्ही४, ६५एमएन, यांपैकी काहीही चालेल. पाणी नीट दिलेलं (म्हणजे तापवून, बुडवून कडक केलेलं) हवं आणि कडकपणा रॉकवेल सी ४८ ते ५३च्या दरम्यान हवा. त्याखाली धार लवकर जाते आणि पातं वाकलं की वाकलेलंच राहतं, बरंच वर गेलं तर तडकण्याची भीती. लांब पात्याला स्टेनलेस नको.

एका गैरसमजाचा निकाल लावतो. 'अस्सल मध्ययुगीन पोलाद यापेक्षा भारी होतं' असं काही नव्हतं. त्या काळचं पोलाद भट्टीतून मळीसकट निघायचं, एकाच पात्यात कडक आणि मऊ भाग असायचे. ॲलन विल्यम्स यांनी जुन्या शस्त्रांच्या धातूचा सूक्ष्मदर्शकाखाली जो अभ्यास केला आहे, त्यात हा उन्नीस-बीसपणा भरपूर दिसतो. आजची साधी स्प्रिंगची पट्टी एकसारखेपणात त्यापेक्षा कितीतरी सरस आहे. त्या कारागिरांची करामत होती ती आकारात.

मुठीच्या आतलं

पात्याचा जो भाग मुठीत जातो तो टँग. तो दिसत नाही, म्हणून फसवाफसवी तिथेच होते. उघड्या टँगचा फोटो मागा. रुंदी पात्याच्या बुडाच्या निम्म्याहून जास्त असावी आणि तो पात्याच्याच तुकड्यातून काढलेला असावा, पुढे जोडलेला नको. आता टूलरूमवाल्याची खास गोष्ट: पातं जिथे संपून टँग सुरू होतो, ते खांद्याचे आतले कोपरे गोलाई दिलेले आहेत का ते बघा. काटकोनात कानस मारून सोडलेला कोपरा म्हणजे तडा जाण्याचं आमंत्रण. सगळा ताण त्या एका रेघेवर येऊन बसतो आणि शंभर वार झेलल्यावर एकशे एकाव्याला तिथूनच पातं जातं. वेल्डिंग केलेला टँग असेल तर बघायचंही काम नाही.

मुठीच्या शेवटी पॉमेल दोन पद्धतींनी बसवतात. जुनी पद्धत अशी: टँग पॉमेलच्या आरपार काढून त्याचं डोकं तापवून हातोडीने रिव्हेटसारखं ठोकायचं. दुसरी आट्यांची, वर नट. पहिली ऐतिहासिक आणि वर्षानुवर्षं टिकणारी, पण सैल झाली तर कारागिराकडेच न्यावी लागते. नटवाली उघडता येते, मूठ बदलता येते. मला तिचा तिटकारा नाही, मात्र आटे टँगवरच कापलेले हवेत, आट्यांचा वेगळा बोल्ट टँगला चिकटवलेला नको. वापरायच्या आधी दर वेळी नट तपासायचा.

घरी आल्यावर मूठ धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने पॉमेलवर ठोका. भरीव, एकसंध आवाज आला पाहिजे. खुळखुळ, बारीक झणझण किंवा क्रॉसगार्डचा टकटक आवाज म्हणजे काहीतरी सैल. क्रॉसगार्डला किंचित खेळ असेल तर पात्याशेजारी पितळेची पातळ पाचर ठोकून भागतं, मूठ हलत असेल तर नाही. ती दुरुस्त होईपर्यंत तलवार म्यानात.

पहिला आठवडा, आणि मग कायमचं

नवी तलवार बहुधा चिकट ग्रीसमध्ये माखून येते. पातं टेबलावर कापडाच्या घडीवर आडवं ठेवा आणि मिनरल टर्पेंटाइनने पुसा. चिंधी पात्याभोवती गुंडाळून, दोन्ही कडांवरून घसरत धरायची नाही. पात्याचा सपाट भाग तळव्याखाली घेऊन मुठीकडून टोकाकडे एकाच दिशेने पुसायचं. कापडाची जाड घडी घ्या. धार पातळ चिंधीतून बोटापर्यंत कधी पोचली ते रक्त दिसल्यावरच कळतं. ग्रीस निघालं की आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हात, मग तेल.

तेल कुठलं? साधं मिनरल ऑइल किंवा शिलाई मशीनचं तेल. खाण्याचं तेल नको, ते वाळून चिकट पिवळा थर होतो आणि त्याखाली गंज धरतो. थेंबभर पुरतं. पात्यावर बोट फिरवल्यावर ओलसर वाटावं, ओघळ दिसता कामा नये. कधीतरीच बाहेर काढायची असेल तर तेलाऐवजी मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावा. रेनेसान्स वॅक्स नावाने मिळणारं मेण मुळात ब्रिटिश म्युझियमच्या जतनाच्या कामातून आलेलं आहे आणि तलवारीवर ते छान बसतं.

आता बोटांचे ठसे. पाहुणा येतो, पातं बघतो, 'अरे वा' म्हणत त्यावर बोट फिरवतो. घामातलं मीठ लगेच काही दाखवत नाही. दोन दिवसांनी तलवार काढा: त्याच्या तर्जनीच्या रेषा, वळणांसकट, तांबूस रंगात पात्यावर छापलेल्या असतात. ताज्या असतील तर तेल आणि चार शून्य (००००) नंबरची बारीक स्टील वूल पुरते, पण त्या भागाची चमक बाकीच्या पात्यापेक्षा वेगळी दिसते ती दिसतेच. म्हणून घासताना डाग असेल तेवढंच घासायचं नाही. मुठीपासून टोकापर्यंत लांबच्या लांब हात मारायचे, सगळे एकाच दिशेने. डाग जुना असेल तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करा आणि मग वर जा. खोल खड्डे पडलेले असतील तर तेलात ठेवा आणि तसेच राहू द्या. ते काढायला निघालात तर पात्याची जाडी घालवाल, आणि जाडीबद्दल माझं मत वर आलंच आहे.

आरशासारखं पॉलिश असलेली तलवार घेऊ नका, हे ओघात सांगतो. पहिल्या कापणीनंतर तिच्यावर ओरखडे दिसतात आणि मग माणूस तलवार वापरायचं सोडून तिची मनधरणी करत बसतो. सॅटिन फिनिश घ्या, घरी परत करता येतं.

म्यान तलवार नेण्याआणण्यासाठी असतं. तिथे ती कायमची ठेवली तर चामडं आणि लाकूड ओलावा धरतात, चामड्यातलं टॅनिन पोलादाला डागतं, आणि गंज बाहेरून दिसत नाही. ओकच्या लाकडाचं म्यान तर नकोच, त्यातही तेच टॅनिन. घरात तलवार आडवी, दोन खुंट्यांवर, कापड किंवा फेल्ट लावून ठेवा. लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी, आणि मुलं असलेल्या घरात कुलपात. कोपऱ्यात उभी टेकवून ठेवलेली तलवार कधी ना कधी पडते आणि ती नेमकी टोकावर पडते.

धार

बरेच कारागीर तलवार बोथट पाठवतात आणि धार लावून हवी का ते विचारतात. पहिल्या तलवारीला 'हो' म्हणा. कारण लाँगस्वर्डची धार सुरीसारखी लावायची नसते. सुरीला कडेशी वेगळा, स्पष्ट उतार चालतो. तलवारीचा उतार पात्याच्या मध्यापासून कडेपर्यंत सलग, किंचित फुगीर यायला हवा. मध्येच खांदा राहिला तर कापताना तोच अडतो.

नंतर धार राखायची ती घरीच. माझी पद्धत सांगतो. कडेवर मार्करने काळी रेघ ओढा. बारीक दगड, तेल लावून, अंदाजाने कोन धरून दोन-तीन वेळा फिरवा आणि बघा. शाई फक्त वरच्या बाजूने गेली असेल तर दगड फार आडवा धरलाय, फक्त अगदी धारेच्या रेषेवर गेली असेल तर फार उभा. पूर्ण पट्टा सारखा पुसला जाईपर्यंत कोन बदला आणि मग मनगट तिथेच ठेवा. तलवार पक्की बांधलेली हवी, टेबलाच्या काठावर, कापडाच्या गाद्यांमध्ये, क्लॅम्पने. दगड हलवायचा, तलवार नाही. दोन्ही कडांना सारखी मेहनत घ्या. लाँगस्वर्डच्या जर्मन पद्धतीत मागच्या कडेनेही वार होतात, ती काही शोभेची नाही.

क्रॉसगार्डच्या पुढची चार बोटं जागा मी बोथट ठेवतो. काही वारांत अंगठा पात्याच्या सपाट भागावर येतो आणि मला तो अंगठा प्रिय आहे.

बेंच ग्राइंडरजवळ तलवार नेऊ नका. कड इतकी पातळ असते की डोळ्याची पापणी लवायच्या आत ती तापते, दिलेलं पाणी उतरतं आणि तेवढी जागा कायमची मऊ होते. मग दगडाने कितीही घासा, तिथली धार टिकत नाही. पट्ट्याचं मशीन वापरायचंच असेल तर बोटाला गरम लागलं की पाण्यात बुडवा, हातमोजे न घालता.

कडेला दात, म्हणजे खाच, पडला तर? उभी राहिलेली कोर कानशीने उतरवा, कड हाताला अडकणार नाही इतपत करा आणि दात तसाच सोडा. एक दात घालवण्यासाठी अख्खी कड मागे नेणाऱ्यांची तलवार काही वर्षांत सुई होते.

फिरवणं आणि कापणं

घरात वरचा वार करायचा विचार असेल तर आधी हिशेब करा. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाने हात वर नेले की मूठ दोन मीटरच्या आसपास जाते, त्यावर ९० सेंटिमीटर पातं. झाले २.९ मीटर. बहुतेक छतं त्याआधी येतात, दिवे त्याहूनही आधी. घरात सराव करायचा तर पवित्र्यांचा करा: ऑक्स, फ्लूग, आल्बर, फॉम टाग. जुना जर्मन तलवारबाजी-गुरू योहानेस लिख्टेनाउअर याच्या परंपरेतले हे चार मूळ पवित्रे. एकातून दुसऱ्यात संथपणे जात राहिलं तरी पुष्कळ शिकायला मिळतं. वार मोकळ्या जागेत. आजूबाजूला किमान पाच मीटर कुणी नको, मागेही नको. तलवार निसटली तर ती बहुतेकदा अनपेक्षित दिशेला जाते.

हान्स तालहोफर या जर्मन तलवारबाजी-गुरूच्या १४६७च्या हस्तलिखितात माणसं उघड्या हातांनी पातं पकडून पॉमेलने हाणताना दिसतात. ती चित्रं खरी आहेत आणि ते शक्यही आहे, कारण घट्ट धरलेली धार घसरल्याशिवाय सहसा कापत नाही. पण घसरली तर? फेडरवर शिका, गुरूसमोर.

कापायला सुरुवात पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांपासून करा. पातळ प्लास्टिकच्या, झाकण लावलेल्या. बाटली फार प्रामाणिक परीक्षक आहे. पात्याचा कोन आणि वाराची दिशा एका रेषेत असली की वरचा तुकडा जागच्या जागी राहतो किंवा शेजारीच पडतो. कोन चुकला की बाटली उडून जाते आणि तुम्ही ओले होता. पात्याचा आवाजही ऐका, विशेषतः पन्हळ असलेल्या पात्याचा. रेषा जुळली की स्पष्ट शीळ येते, चुकली की आवाज भसाडा होतो. त्यानंतर रात्रभर पाण्यात भिजवलेल्या चटयांच्या गुंडाळ्या. झाडाच्या जिवंत फांद्या, बांधकामाचं लाकूड, टायर, हे काही नको. ताठ वस्तूवर वाकड्या कोनात वार बसला तर चांगलं पातंही बाक धरतं. स्टँडचा खुंटा मऊ लाकडाचा असावा, वार तिथपर्यंत पोचतोच कधीतरी.

ताकद लावू नका. पहिल्या दिवशी सगळे लाकूडतोड्यासारखे घाव घालतात. लाँगस्वर्डमध्ये पुढचा हात दिशा देतो, मागचा हात पॉमेल ओढतो, आणि कापलं जातं ते पातं घसरत पुढे गेल्याने. जोर कमी केला की कापणी सुधारते, हे प्रत्येकाला स्वतः करून बघितल्याशिवाय पटत नाही.

कापून झालं की पातं तिथल्या तिथे पुसा. भिजलेल्या चटईचा रस घरी पोचेपर्यंत थांबत नाही. मग कडेवरून एक डोळा मिटून बघा, टोकापर्यंत रेघ सरळ आहे का. थोडा बाक आला असेल तर गादी लावलेल्या लाकडावर, हाताने, उलट दिशेला हळूहळू दाबून काढता येतो. हातोडी नको.

बाहेर नेताना कुलूपबंद पेटीत न्या. कायदे प्रत्येक देशात वेगळे आहेत, आणि बाळगण्याचे, आयात करण्याचे, सोबत नेण्याचे नियम त्यातही वेगवेगळे. जर्मनीत घरी तलवार ठेवणं सोपं आहे, पण २००८पासून सबळ कारणाशिवाय ती सार्वजनिक जागी जवळ बाळगता येत नाही आणि कुलपातल्या पेटीला मात्र सूट आहे. पैसे भरण्याआधी आपल्याकडचा नियम वाचा, विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. तो माल विकतोय. आणि कुणी घरी बघायला आलं, बैठकीत ग्लास निघाले, तर तलवार त्या संध्याकाळी खुंटीवरून उतरवायची नाही. यात मी नातेवाईकही बघत नाही.

तडा शोधणं

नियमित कापत असाल तर वर्षातून एकदा ही तपासणी करा. टूलरूममध्ये आम्ही डाय तपासायला हेच करायचो. पातं अल्कोहोलने कोरडं, तेलमुक्त पुसा. त्यावर रॉकेल लावा आणि पाव तास थांबा. मग वरचं सगळं रॉकेल कापडाने खरडून पुसा आणि पात्यावर खडूची बारीक भुकटी भुरभुरा. तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसाएवढी काळपट रेघ उमटते. क्रॉसगार्डच्या लगतचा भाग, कडेवरचे जुने दात आणि पन्हळीची सुरुवात, या तीन ठिकाणी जास्त वेळ द्या. नटवाली तलवार असेल तर उघडून टँगचे खांदेही असेच तपासा.

ओरखडा आणि तडा यांत गोंधळ झाला तर ६०० नंबरच्या पेपरने जरा घासून पुन्हा तीच चाचणी करा. ओरखडा जातो, तडा परत उमटतो. परत उमटला तर ती तलवार पुन्हा कधीही फिरवायची नाही, हवेतसुद्धा नाही. वेल्डिंग करून भागत नाही, त्या उष्णतेने आसपासचं पाणी उतरतं आणि पातं तडा होता त्याच्या शेजारी तुटतं. कारागिराला फोटो पाठवा. चांगले कारागीर मूठ काढून घेऊन नवं पातं बसवून देतात. विकायची असेल तर तड्याच्या जागेवर आडवी खूण कोरून मगच विका, म्हणजे पुढच्या मालकाला ती विचारल्याशिवाय दिसेल.